नांगर टाकलेला हंगाम

जुलैच्या मध्यावर दुबईच्या करामा भागातली आमची गल्ली दुपारची अगदी ओस पडते. शाळांना सुट्ट्या, बायका-मुलं भारतात, आणि मागे उरलेले नवरे एसी सोळावर टाकून घोरत असतात. यंदा सईचे क्लास असल्यामुळे आम्ही तिघंही इथेच आहोत. परवा अशाच एका दुपारी मी खिडकीच्या काचेला हात लावून बाहेर किती तापलंय याचा अंदाज घेत होतो, तेवढ्यात फोन वाजला. मारेकचा मेसेज. 'सेकंड! वी आर अप! सॅटर्डे फर्स्ट मॅच!' आणि पुढे हिरव्या बदामांची माळ. साठी उलटलेल्या, हाताला कायम ग्रीसचा वास असलेल्या माणसाने इतके बदाम पाठवू नयेत, पण फुटबॉलच्या बाबतीत त्याला लाज नाही.

"कोण? चीफ?" मेधाने स्वयंपाकघरातून विचारलं. मेधा माझी बायको. ऊद मेथातल्या एका शाळेत गणित शिकवते आणि माझा चेहरा न बघताही मला कोणाचा फोन आला ते ओळखते.

"हो. त्यांचा संघ वरच्या लीगमध्ये परत आला."

"म्हणजे आता पुढच्या मेपर्यंत शनिवार-रविवार तू कामाचा नाहीस. खलास."

पुण्यात शिकलेल्या, करामात राहणाऱ्या माणसाचा पोलंडच्या पहिल्या दर्जाच्या फुटबॉल लीगशी काय संबंध, असं कुणीही विचारेल. संबंध असा, की त्या लीगचा एक अख्खा हंगाम मी जगलोय. इतरांचा पावसाळा असतो, कुणाचा आंब्याचा हंगाम असतो, माझ्या आयुष्यात एक पोलिश फुटबॉलचा हंगाम आहे. तो जुलैत सुरू झाला, मेमध्ये संपला, आणि तेवढा सगळा काळ मी एका जहाजावर अडकलेला होतो.

मी जहाजावरचा सेकंड इंजिनिअर. मारेक माझा चीफ इंजिनिअर. आमचं छोटं तेलवाहू जहाज दुबई-शारजाच्या किनाऱ्यासमोर नांगर टाकून उभं होतं आणि एक दिवस त्याचा मालकच नाहीसा झाला. कंपनीचा फोन लागेना, पगार थांबला, डिझेल तळाला गेलं. 'मग उतरून का नाही आलात?' असं लोक मला अजून विचारतात, जणू मी बस चुकवून स्टॉपवर बसलो होतो. जहाज माणसांशिवाय सोडता येत नाही. नांगर सुटला तर ते जाऊन कशावर तरी आदळेल. म्हणून कप्तान हवा, निदान एक इंजिनिअर हवा, हाताखाली दोघं-तिघं हवीत. कायदा शहाणपणाचा आहे. फक्त त्या कायद्याने ज्याला जहाजावर ठेवलंय त्याने तो शहाणपणाचा आहे असं म्हणून दाखवावं.

संध्याकाळी डेकवरून दुबई दिसायची. उंच इमारतींचे दिवे, त्यांच्यामागे पिवळट उजेड, आणि त्या उजेडात कुठेतरी माझं घर. माझ्या पासपोर्टवर देशाबाहेर गेल्याचा शिक्का होता. त्यामुळे स्वतःच्या घराचा उजेड बघत मी कागदोपत्री परदेशात होतो. सहा महिने बाहेर राहिलं की रेसिडेन्स व्हिसा बाद होतो. माझा हिवाळ्यात झाला. त्या दिवशी मी रेलिंगला टेकून खूप वेळ त्या दिव्यांना शिव्या दिल्या.

तर, पहिला महिना. लोखंडाची केबिन, पंखा बंद, भिंतीला पाठ लावायची सोय नाही. आम्ही डेकवर झोपायचो आणि पहाटे अंगावरची चादर पिळून वाळत घालायचो. सप्लायची बोट अधूनमधून तांदूळ, डाळ, पाणी आणि थोडं डिझेल टाकून जायची. त्या डिझेलवर जनरेटर रोज संध्याकाळी दोन तास चालवायचा असं ठरलं. त्या दोन तासांत पंखे, फ्रीज, फोनचं चार्जिंग आणि इंटरनेटची पेटी, सगळं काही.

आणि इथेच मारेकशी माझं पहिलं भांडण झालं. त्याच्या गावचा संघ अगदी गरीब. कोळशाच्या खाणींचं गाव, हिरवे शर्ट, नाव असं की ते उच्चारायला मला हिवाळा उजाडला आणि लिहायला अजून जमत नाही. लीगमधल्या मोठ्या संघांना रविवारची छान वेळ मिळते. अशा संघांच्या वाट्याला येते शुक्रवारची संध्याकाळ. पोलंडमधले सहा म्हणजे आमचे आठ. आणि आठला सई झोपायच्या आधी मला व्हिडिओ कॉल करायची. सई तेव्हा दहा वर्षांची होती. इंटरनेट इतकं बारीक, की एका वेळी एकच गोष्ट चालायची, एक तर पोलंड नाही तर करामा.

"चीफ, माझी मुलगी आहे," मी म्हणालो.

"सेकंड, माझा पण कोणीतरी आहे," मारेक फोनकडे बोट दाखवून म्हणाला. तो विधुर होता, मूलबाळ नव्हतं. हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

तोडगा काढला आमच्या भंडाऱ्याने. भंडारी म्हणजे जहाजावरचा स्वयंपाकी. आमचे दळवीमामा गुहागरकडचे, तोंडाने फटकळ आणि हाताने सढळ. ते म्हणाले, "मेल्यांनो, पोरीला सांगा, शुक्रवारी तू आमच्याबरोबर मॅच बघ. कॉलपण तोच आणि मॅचपण तीच." म्हणजे सईने तिकडे टीव्हीवर मॅच लावायची, टीव्हीसमोर फोन धरायचा, आणि आम्ही इकडे तिच्या फोनमधून ती बघायची. चित्र हलायचं, मध्येच मेधाचा हात यायचा, कुकरची शिट्टी व्हायची. पण कॉमेंट्री सई करायची. "बाबा, द ग्रीन्स आर सो बॅड. व्हाय डझ अंकल लाइक देम?"

मारेक गंभीरपणे उत्तर द्यायचा, "बिकॉज, सईया, दे आर माइन." तिचं नाव त्याला कधीच नीट घेता आलं नाही.

इंजिन-रूममध्ये चाव्या टांगायची एक लाकडी पाटी होती. मारेकने तिच्यावर अठरा हुक ठोकले आणि अठरा संघांच्या पितळी पट्ट्या करून टांगल्या. शेवटचे तीन हुक लाल रंगाने रंगवले, कारण शेवटचे तीन संघ हंगामाच्या अखेरीस खालच्या लीगमध्ये जातात. दर सोमवारी आम्ही तिघं विधिवत त्या पट्ट्या वर-खाली करायचो. बाहेर काहीच हलत नव्हतं, ना जहाज, ना कागद. आत पाटीवर तेवढं काहीतरी हलायचं. दळवीमामा तर हातपाय धुऊन यायचे.

ऑक्टोबरात हवा जरा सुसह्य झाली आणि एका रविवारी भर दुपारी, जनरेटरचे दोन तास त्या दिवसापुरते अलीकडे ओढले असताना, मारेकच्या संघाने शेजारच्या गावच्या बलाढ्य संघाला हरवलं. तिथले प्रेक्षक आनंदाने रंगीत धूर सोडतात, इतका की मैदान दिसेनासं होतं आणि खेळ थांबवावा लागतो. आमच्या फोनवर नुसता धूर दिसत होता आणि सई किंचाळत होती. मारेक उठला, धावत वर ब्रिजवर, सुकाणूच्या खोलीत गेला, आणि थोड्याच वेळात आमच्या जहाजावरून नारिंगी धुराचा लोट उठला.

समुद्रावर नारिंगी धुराचा अर्थ एकच, आम्ही संकटात आहोत, वाचवा. इंजिनिअर म्हणून आयुष्य समुद्रावर घालवलेल्या माणसाला हे माहीत नव्हतं असं नाही. पण ज्याच्या गावी रंगीत धूर म्हणजे गोल, त्याच्याकडून अशीच चूक होणार. तटरक्षकांची बोट बघता बघता हजर झाली. आमच्या शेकडो ईमेलांना न आलेलं माणूस असं समोर उभं राहिलेलं पाहून मला रडावं की हसावं कळेना. कोवळा अधिकारी होता. त्याने वर बघून विचारलं, "फायर? व्हेअर इज फायर?" कप्तानाने न बोलता मारेककडे बोट केलं. मारेक छाती पुढे काढून म्हणाला, "नो फायर. टू-वन."

अधिकारी हसला. मग हसू आवरून म्हणाला, "हबीबी, नो मोअर स्मोक. खलास." मी रेलिंगवरून वाकून त्याला आमची सगळी कहाणी सांगितली. त्याने नीट ऐकून घेतली. "इन्शाल्ला, इन्शाल्ला," म्हणाला आणि पाण्याच्या बाटल्यांचे दोन खोके वर पाठवून निघून गेला. बोट लहान होत गेली तसा मी तिच्याबरोबर मनाने करामापर्यंत जाऊन आलो. त्यानंतर बरेच दिवस मी मारेकशी नीट बोललो नाही.

डिसेंबरात पोलंडमध्ये बर्फ पडतो आणि लीग दीड-दोन महिने बंद राहते. दुबईची हवा तेव्हा सर्वांत गोड असते, सकाळी समुद्रावर धुकं, दुपारचं ऊन अंगावर घ्यावंसं. आम्हाला त्याचं काय! पाटीवरच्या पट्ट्या हलेनाशा झाल्या, हिरवी पट्टी लाल हुकावर लटकलेली राहिली आणि मारेक बोलेनासा झाला. सोमवार आणि गुरुवार यांत फरक उरला नाही. दुबईची नवीन वर्षाची आतषबाजी आम्ही डेकवरून पाहिली. एवढे रंग, एवढा धूर, आणि कुणी कुणाला वाचवायला निघालं नव्हतं. दळवीमामा म्हणाले, "साहेब, तुमच्या बायकोला पण हे दिसत असेल ना?" मी हो म्हणालो आणि खाली जाऊन झोपलो.

जानेवारीत मारेक धापा टाकत माझ्या केबिनमध्ये आला. त्याचा संघ हिवाळी सरावासाठी दुबईला आला होता. थंड देशांतले संघ असे उन्हात येतात, हे त्याला माहीत होतं, पण त्याच्या गरीब संघाला यंदा कुणीतरी खर्च दिला होता. आयुष्यभर ज्यांच्यासाठी ओरडला ती माणसं समोरच्या उजेडात कुठेतरी पळत होती. तो माझ्याशेजारी बंकवर बसला. आता आम्हा दोघांचंही माणूस समोर होतं आणि दोघांनाही ते भेटणार नव्हतं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, ऑक्टोबरचा धूर तिथेच विसरलो.

मेधा शनिवारी सईला घेऊन त्या सरावाला गेली. सकाळभर आम्ही फोनवर डोळे लावून बसलो होतो; त्या दिवशी जनरेटर नियम मोडून सकाळीच लावला. मेधाच्या आवाजात कॉमेंट्री सुरू होती. "अरे, ही पोरं नुसती भाजली आहेत. कुणीतरी टोपी द्या रे त्यांना. चीफना सांग, गोलकीपर चांगला जेवणारा दिसतोय." मारेकला मी जमेल तसं भाषांतर करून सांगत होतो. मग सई कुंपणाशी गेली. मारेकने तिला आठवडाभर एक पोलिश वाक्य घोटवून घेतलं होतं, 'माझा चीफ जहाजावर आहे, बाहेर येऊ शकत नाही, पण तो तुमचा आहे.' ते तिने मोठ्याने म्हटलं. दाढीवाला एक धिप्पाड खेळाडू थांबला. तिच्याकडून फोन घेतला, पडद्यात मारेकचा चेहरा पाहिला. दोघं काय बोलले ते मला कळलं नाही. मारेकच्या तोंडून फक्त 'दोब्झे, दोब्झे' ऐकू येत होतं, म्हणजे ठीक आहे, ठीक आहे. ठीक काही दिसत नव्हतं. तो रडत होता.

सईने ते सगळं मेधाच्या फोनवर रेकॉर्ड केलं होतं. "आय विल पुट इट अप, बाबा. पीपल शुड नो," ती म्हणाली. मी म्हणालो, टाक की. मला अभिमानच वाटला.

त्याच सुमारास आमच्या कागदांत पहिल्यांदा जीव आला होता. बंदराकडून निरोप होता, जहाजावर दोन इंजिनिअर आहेत, एकाला सोडता येईल, नाव कळवा. दोघांपैकी एकच. नाव आम्ही दोघांनी मिळून ठरवलं होतं, माझं. तसं मारेकच म्हणाला होता. "तुझं घर दिसतं इथून. माझं दिसत नाही. तू जा." कागद पुढे गेला होता. मेधाने तर माझे शर्ट इस्त्री करून ठेवले होते.

फेब्रुवारीत लीग पुन्हा सुरू झाली. पहिल्याच घरच्या सामन्यात, गोठलेल्या मैदानावर, तिथल्या प्रेक्षकांनी गोलपोस्टच्या मागे एक लांबलचक कापड धरलं. 'चीफ, घरी ये.' खाली आमच्या जहाजाचं नाव. सईचा व्हिडिओ सगळ्या गावाने पाहिला होता. मग तिथल्या वर्तमानपत्रांनी फोन केले, मग तिथल्या पुढाऱ्यांनी, मग त्यांच्या वकिलातीने. आणि मार्चच्या सुरुवातीला सुटकेचा कागद आला तो मारेकच्या नावाचा.

त्याने तो कागद मला दाखवला. "मी नाही म्हणून सांगतो," म्हणाला. दोन दिवस तो डेकवर येरझाऱ्या घालत होता. तिसऱ्या दिवशी त्याने बॅग भरली. त्याच्या जागी मी असतो तर मीही गेलो असतो. हे मला तेव्हाही कळत होतं. पण कळणं वेगळं आणि राग न येणं वेगळं. तो शिडीवरून उतरला तेव्हा गळ्यात लोकरीचा हिरवा मफलर होता, मार्चच्या उन्हात. दळवीमामांनी त्याला तळलेला हमूर मासा बांधून दिला. "नीट जा रे मेल्या," म्हणाले, आणि डोळे पुसत आत गेले. मी हात हलवला. एकच इंजिनिअर उरल्यावर त्याला आता कोणीही सोडू शकत नव्हतं.

रात्रभर विचार करून मी मेधाला फोनवर सांगितलं, व्हिडिओमुळे माझी पाळी मारेकला गेली. ती म्हणाली, "सईला यातलं काही कळता कामा नये. तिला वाटतंय तिने अंकलला सोडवलं."

"सोडवलंच की."

"हो. पण पुढचं गणित ती करेल. माझी मुलगी आहे ती." मग म्हणाली, "तू तिच्याशी नेहमीसारखं बोल."

मी नेहमीसारखं बोलायला शिकलो. शुक्रवारी आठला सई विचारायची, "बाबा, व्हेन इज युअर टर्न?" मी म्हणायचो, येईल गं, इन्शाल्ला. ती हसायची. मग ती विचारेनाशी झाली. ते मला जास्त लागलं.

मार्च, एप्रिल, मे. पुन्हा लोखंड तापायला लागलं. मी पट्ट्या एकटाच वर-खाली करत होतो आणि खोटं कशाला सांगू, मारेकचा संघ बुडावा अशी मनापासून इच्छा करत होतो. त्याने तिथे, स्वतःच्या गावात, स्वतःच्या खुर्चीवर बसून हरावं. माणूस कोंडला की त्याचं मन किती लहान होतं, ते मी स्वतःवरच पाहिलं. शेवटच्या फेरीला मारेकने मैदानातून व्हिडिओ लावला. बरोबरी झाली असती तरी संघ वाचला असता. शेवटी-शेवटी गोल खाल्ला त्यांनी. हजारो माणसं एकदम गप्प झाली, आणि त्या शांततेत मारेकने फोन पालथा केला. मला काळं कापड दिसत राहिलं. आनंद झाला नाही. मी उठून हिरवी पट्टी लाल हुकावर नेली, इंजिन-रूममध्ये माझ्याखेरीज कुणीच नव्हतं.

त्यानंतर लवकरच जहाज विकलं गेलं. नव्या मालकाची माणसं चढली, आम्ही उतरलो. बंदरात पाय टेकला तेव्हा जमीन हलत होती. दळवीमामांनी वाकून जमिनीला हात लावला. माझा व्हिसा गेलेला, त्यामुळे मला गावात जाता येणार नव्हतं. बंदरातून व्हॅन थेट एअरपोर्टला, तिथून मुंबई, मग नवे कागद करून परत. फक्त रस्ता करामावरून होता. मी मेधाला फोन करून सिग्नल सांगितला.

ड्रायव्हर पठाण होता. "भाई, रुकने का ऑर्डर नहीं है," तो म्हणाला. "सिग्नल लाल मिला तो आपका नसीब."

लाल मिळाला. फुटपाथवर मेधा आणि सई शाळेच्या कपड्यांत उभ्या होत्या. सई उंच झाली होती. फोनवर ती कधी उंच दिसलीच नव्हती. व्हॅनच्या काचा काळ्या, बाहेरून आतलं दिसत नव्हतं. ती पुढच्याच एका गाडीला हात करत होती. फोन वाजला.

"बाबा, विच वन आर यू?"

"पांढरी व्हॅन. तुझ्यासमोरची लेन."

"दे आर ऑल व्हाइट!" मग तिची नजर आमच्या व्हॅनवर आली आणि थांबली. मेधाने दोन्ही हात तोंडावर धरले. सई आईपासून दोन पावलं बाजूला झाली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाबा, कॅन आय आस्क समथिंग? इफ आय हॅडन्ट पुट अप दॅट व्हिडिओ, वुड यू हॅव कम होम इन मार्च?"

उत्तर माझ्याकडे तीन महिने तयार होतं. डेकवर फेऱ्या मारताना मी ते मोठ्याने म्हणून पाहिलं होतं. पण ती समोर होती, तिच्या कपाळावर घाम होता, आणि माझा आवाज वेळेवर आला नाही.

"नाही गं," मी म्हणालो.

"यू टुक टू लाँग, बाबा," सई म्हणाली.

सिग्नल सुटला. काच खाली करावी म्हणून मी बटण दाबलं, ते पुढून लॉक केलेलं होतं. सई फोन कानाला लावून व्हॅनबरोबर थोडी चालत आली, कुठल्या खिडकीकडे बघायचं ते न कळून.